शेणी, पाचशे

बँकेतल्या चौगुले मॅडमनी आण्णांच्या नावाआधी
निळ्या पेनानं 'कै.' लिहिलं
आणि पासबुक माझ्याकडं सरकवलं.
एक अक्षर, एक टिंब.
नॉमिनी : सौ. हौसाबाई केरबा सुतार.
"आईंना घेऊन या उद्या."
म्हटलं, ती नऊ वर्षांपूर्वीच गेली.
"अगं बाई. मग वारस दाखला लागंल. आणि भावाची सही."

भाऊ चाकणला, सेकंड शिफ्टला.
फोनवर म्हणाला, तुला योग्य वाटंल ते कर आक्का.
आणि मशीनचा आवाज थोडा लांब गेल्यावर,
किती हाईत गं?

बावीस हजार चारशे सहा.
आणि एक ठेव, जिची पावती घावत नाही.

आण्णा उद्यमनगरात पॅटर्न करायचे.
लोखंडाआधी वस्तू लाकडात घडते,
आणि ओतीव थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड मापापेक्षा जरा मोठंच तासायचं.
हिशेबही तसाच तासलेला.
लाईट बिल चारशे बारा, वहीत साडेचारशे.
दूध, औषध, दाढी, सगळ्यावर थोडं चढवलेलं.
चढवलेलं ते बोर्नव्हिटाच्या डब्यात :
अकराशे चाळीस रुपये, रबर लावून,
चिठ्ठीवर एकच शब्द, 'आकस'.

त्यांचा फोन अजून माझ्या पर्समध्ये चालू आहे.
मॅडम म्हणतात, आलेला नंबर सांगा.
मी त्यांच्याच फोनवरून वाचते सहा आकडे
आणि खाली लिहिलेलं असतं :
हा कोणालाही सांगू नका.

मर्तिकाचा खर्च शेजारच्या तुकारामदादांनी
लग्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहून दिला.
बांबू, सुतळी, मडकं ऐंशी,
पांढरं कापड अडीच मीटर,
हार दोन (एक कुणाचा तरी जास्त आला),
ड्रायव्हरला चहा.
लाकूड कुठंच नाही.
पंचगंगेवर कारकुनानं नाव, वय, कारण लिहून घेतलं,
मी पर्स उघडली, त्यानं मान हलवली.
"हितं पैसे पडत नाहीत ताई.
द्यायचंच असंल तर पेटी तिकडं."
एवढी वर्षं या गावात राहून
हे मला ऐकून माहीत होतं,
हातात पर्स उघडी धरून माहीत नव्हतं.

मग रात्री वही उलटी वाचत गेले.
दर वर्षी मार्चमध्ये, होळीच्या आसपास,
तिरक्या अक्षरात : शेणी, पाचशे.
आमच्यात चूल बंद होऊन चाळीस वर्षं झाली.
खोटं कशाला बोलू, आधी वाटलं
हा दारूचा हिशेब असेल, किंवा कुणा बाईचा.
एकोणीस होळ्या मोजल्या.
आई गेली त्या वर्षीची ओळ दोनदा लिहिलेली.
आणि कारकुनाच्या पाठीमागची ती रास आठवली,
छपरापर्यंत रचलेली,
जिच्यातली कुठली कुणी दिली
हे कुणाला सांगता येणार नाही.

पाचशे रुपये की पाचशे नग,
ते लिहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षा भरली.
केवढासा झाला माणूस.
भाऊ म्हणाला, बस एवढंच?
मी त्याला आकसाचं सांगायला गेले
आणि सांगितलं नाही.
सही मात्र त्यानं तिथंच केली, घाटाच्या पायरीवर,
ओल्या अंगठ्याचा डाग कागदावर ठेवून.
चौगुले मॅडमना तो चालला नाही.
परत जायचंय सोमवारी.

जाताना वाटेत एक म्हातारी भिंतीला शेणी लावत होती.
भाव विचारला.
तिनं हात न थांबवता मला वरपासून खालपर्यंत बघितलं,
"शेकड्यावर पाहिजेत," म्हणाली,
"का गाडीभर?"